प्लेक्स, एम्बी की जेलीफिन : घरच्या संग्रहासाठी आज काय घ्यावं?

हार्ड डिस्कवर जमवलेले सिनेमे, नाटकांची रेकॉर्डिंग, लग्नामुंजीचे व्हिडिओ आणि गाणी टीव्हीवर नीट लावून बघायची असतील, तर मुख्यतः तीन पर्याय आहेत : प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन. यातलं एक सॉफ्टवेअर घरच्या एका कॉम्प्युटरवर बसवायचं, की तो सर्व्हर होतो आणि त्यावरच्या फायली टीव्ही-फोनवर दिसतात. मी प्लेक्सचा जुना, आजीवन पास (एकदाच पैसे भरून मिळणारं सदस्यत्व) घेतलेला ग्राहक आहे. आज कुणी नव्याने विचारलं तर मात्र मी आधी जेलीफिन सुचवतो. एका परिस्थितीत अजूनही प्लेक्सच बरं, तेही पुढे सांगतो.

आधी पैशाचं. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने आजीवन पास ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलरवर नेला आणि वार्षिक पास ३९.९९ वरून ६९.९९ वर. भाव वाढतात, ते मी समजू शकतो. मला लागलं ते त्याच दिवशीच्या दुसऱ्या बदलाचं. तोवर बाहेरगावाहून स्वतःच्या सर्व्हरवरचा सिनेमा बघायला पैसे पडत नव्हते. आता सर्व्हरच्या मालकाकडे पास हवा, नाहीतर बघणाऱ्याने महिना १.९९ डॉलरचा रिमोट वॉच पास घ्यायचा. डिस्क आपली, वीज आपली, ब्रॉडबँड आपलं, आणि तरी परवानगी दुसऱ्याची. जुन्या पासवाल्यांना याची झळ बसली नाही आणि मोबाइल अ‍ॅपची वेगळी फी त्याच वेळी रद्द झाली, हे खरं. पण आधी दिलेली सोय काढून तिलाच दर लावणाऱ्या कंपनीवर पुढची दहा वर्षं कशी सोपवायची?

एम्बीच्या 'प्रीमियर' या सशुल्क सदस्यत्वाचा आजीवन परवाना बराच काळ ११९ डॉलरला मिळत आला आहे. जेलीफिन पूर्ण फुकट. एम्बीने आपला कोड बंद केला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच्याच खुल्या कोडमधून काही मंडळींनी जेलीफिन सुरू केलं आणि आजही ते स्वयंसेवकच चालवतात.

पैशाचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो ट्रान्सकोडिंगमध्ये. ४के एचईव्हीसी (नव्या पद्धतीने दाबून लहान केलेली) फाइल जुन्या टीव्हीला झेपत नाही, म्हणून सर्व्हर ती चालता चालता बदलून देतो. ब्ल्यू-रेवरून काढलेली सबटायटल्स चित्ररूपात असतात. अ‍ॅपला ती दाखवता आली नाहीत, तर एरवी सरळ चाललेली फाइलसुद्धा बदलावी लागते. नुसत्या सीपीयूवर हे काम टाकलं तर चित्र अडकत अडकत येतं. इंटेल एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी त्याच्या क्विक सिंकवर, म्हणजे व्हिडिओ बदलण्यासाठी चिपमध्येच असलेल्या खास भागावर, हेच आरामात करतो. पण ती क्षमता वापरायला प्लेक्समध्ये पास लागतो, एम्बीत प्रीमियर लागतं. जेलीफिनमध्ये सेटिंगमध्ये एक खूण केली की झालं.

मराठी संग्रहासाठी आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही सगळी सॉफ्टवेअर सिनेमाची माहिती टीएमडीबीसारख्या कोशांतून आणतात. गाजलेले मराठी सिनेमे तिथे सापडतात, पण नाटकाचं रेकॉर्डिंग, दूरदर्शनवरून टेप केलेला कार्यक्रम किंवा घरची मैफल तिथे कुठून असणार? मग भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं. एम्बी आणि जेलीफिन व्हिडिओशेजारी ठेवलेली एनएफओ नावाची साधी मजकुराची फाइल मुळातच वाचतात. तिच्यात देवनागरीत नाव, साल, कलाकार लिहा, त्याच फोल्डरमध्ये पोस्टरचा फोटो ठेवा, की नोंद तयार. उद्या सर्व्हर नव्याने बसवला तरी ही मेहनत फायलींबरोबर राहते. प्लेक्समध्ये हाताने केलेल्या दुरुस्त्या त्याच्या डेटाबेसमध्ये जातात.

प्लेक्सचं लक्षही दुसरीकडे वळलं आहे. २०१९ च्या अखेरीस जाहिरातींसह फुकट सिनेमे आले, मग लाइव्ह चॅनेल, २०२४ मध्ये भाड्याने सिनेमे. हे सगळं लपवता येतं, पण ते प्रत्येकाच्या खात्यात जाऊन करावं लागतं. उलट, दोन गावांत बसून एकत्र सिनेमा बघायची सोय नव्या अ‍ॅपमधून गेली. जेलीफिनमध्ये त्यासाठी सिंकप्ले आहे, जरी ते सगळ्या टीव्ही अ‍ॅपवर चालत नाही. शिवाय प्लेक्सच्या ग्राहकांची माहिती ऑगस्ट २०२२ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर गेली. दोन्ही वेळा पासवर्ड बदलायला सांगण्यात आलं. जेलीफिनची खाती आपल्याच यंत्रावर राहतात. मात्र अपडेट आणि सुरक्षेची काळजीही मग आपलीच.

आता प्लेक्सची बाजू. सर्व्हर पुण्यात आणि आईवडील सांगलीत असतील, तर प्लेक्समध्ये त्यांनी टीव्हीवर दिसणारा कोड फोनवर टाकला की काम झालं. आपल्याकडची बरीच कनेक्शन सीजीनॅटमागे असतात, म्हणजे घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. तिथेही प्लेक्स आपल्या रिलेमार्फत, म्हणजे कंपनीच्या मधल्या सर्व्हरमार्फत चालतं, फक्त वेग पासवाल्याला २ एमबीपीएसपर्यंतच मिळतो. जेलीफिनला असा मधला दुवा नाही. त्यासाठी टेलस्केल, म्हणजे दूरची यंत्रं खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर, घालावं लागतं. ते अँड्रॉइड टीव्हीवर आणि अ‍ॅपल टीव्हीवर चालतं, एलजी-सॅमसंगच्या टीव्हीवर चालत नाही, तिथे टीव्हीला जोडायची वेगळी स्टिक घ्यावी लागते. आणि काही बिघडलं की फोन तुम्हालाच येणार. गाण्यांसाठी प्लेक्सअँपइतकं सुबक अ‍ॅपही मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

म्हणून : बघणारे घरातलेच असतील, तर जेलीफिन. बाहेरगावचे, तंत्राशी गाठ नसलेले नातेवाईक जास्त असतील आणि पास आधीच घेतलेला असेल, तर प्लेक्स काढू नका. पास नसेल, तर प्लेक्सच्या पासाचे पैसे भरण्याआधी एम्बी वापरून बघा. त्याची अ‍ॅप बहुतेक टीव्हींवर मिळतात.

जुन्या प्लेक्सवाल्यांना एकदम उडी मारायची गरज नाही. प्लेक्स ३२४०० पोर्टवर चालतं, जेलीफिन ८०९६ वर, त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच फोल्डरवर नांदतात. 'बघून झालं'च्या खुणा मात्र आपोआप इकडून तिकडे येत नाहीत. त्यामुळे अर्धवट बघितलेल्या मालिका आधी प्लेक्सवर संपवा आणि नवी मालिका जेलीफिनवर सुरू करा.