मण्यार की कवड्या?

घरात पट्ट्यांचा साप दिसला की पहिली ओरड ‘मण्यार!’ अशीच होते, आणि मार बहुतेकदा बिचाऱ्या कवड्याला बसतो. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. पण पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. कवड्याचे पांढरट-पिवळसर पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं उलट: डोक्यामागचा भाग बहुधा कोरा, मग बारीक पांढरे पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीने, शेपटीकडे अधिक स्पष्ट. रंग कवड्याचा तपकिरी, मण्यारचा निळसर काळा, चकचकीत. पिल्लांमध्ये मात्र पट्ट्यांचा हा नियम डगमगतो.

पक्की खूण म्हणजे मण्यारच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे मोठे षटकोनी खवले. कवड्याला ते नसतात. पण ती बघायला जवळ जाऊ नका, मोबाईलवर लांबून काढलेला फोटो मोठा करून बघा.

भिंतीवर सरसर चढून पालीमागे लागलेला असेल तर तो बहुधा कवड्या. डिवचला तर चावतो, पण बिनविषारी.

मण्यारचा दंश फसवा. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, झोपलेल्याला कळतही नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. म्हणून दंशानंतर ‘कवड्याच असेल’ असा अंदाज बांधत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं. भारतातल्या प्रतिसर्पविषात मण्यारवरचा उतारा असतोच.