फीड रीडरचे नऊ महिने आणि न हलणारा ३

चार तारे देतेय. पाचवा त्या ३ ने खाल्ला.

सुरुवात चिडचिडीतून झाली. एका मैत्रिणीचा ऑनलाइन कार्यक्रम होता. तिने आठवडाभर आधी पोस्ट टाकली होती. ती पोस्ट मला कार्यक्रम होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी दिसली, तीही 'खास तुमच्यासाठी' म्हणून. त्या सोशल नेटवर्कचं नाव घेत नाही, सगळी एका माळेचे मणी. ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनी २०१६ मध्येच वेळेनुसार पोस्ट दाखवणं मोडीत काढलं होतं. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये तो पर्याय परत दिला खरा, पण कायमचा लावून ठेवता येत नाही, दर वेळी आपणच जाऊन निवडायचा.

म्हणून परत आरएसएस. म्हणजे साइटवर आलेल्या नव्या लेखांची यादी, जिला फीड म्हणतात; अशी सगळी फीड एका जागी, वेळेनुसार दाखवणारं ॲप म्हणजे फीड रीडर. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा ज्यांनी हळहळ केली, त्यांच्यातलीच मी एक. दुसरा रीडर शोधायचा आळस केला आणि दहा वर्षांहून जास्त काळ दुसऱ्याने वाढलेलं ताट जेवत राहिले.

पहिले दोन महिने अक्षरशः मजेत गेले. ज्याने सकाळी लिहिलं त्याचं सकाळचं, दुपारचं त्याखाली. यूट्यूबचे चॅनेलसुद्धा यात घालता येतात. प्रत्येक चॅनेलला फीड आहे, फक्त ते कुठे ठळकपणे सांगत नाहीत. बहुतेक पॉडकास्ट तर आजही आरएसएसवरच चालतात, त्यामुळे तेही इथेच. फुकटच्या प्लॅनमध्ये १०० फीड बसतात, माझी ६४ झाली. यादी वाचून संपते, हे सुख मी विसरूनच गेले होते. खाली खाली सरकवत गेलं की एका जागी पान थांबतं. पुढे काही नाही. जा, काम करा.

तिसऱ्या महिन्यात तो ३ आला.

डाव्या कोपऱ्यात न वाचलेल्यांचा आकडा असतो. सगळं वाचलं की शून्य व्हायला हवा. माझा शून्य व्हायचा, आणि तासाभराने पुन्हा ३. उघडून बघावं तर एकाच ब्लॉगचे तेच तीन लेख, मी दहादा वाचलेले. 'वाचलं' अशी खूण केली. तासाभराने पुन्हा हजर. लोक म्हणतील, तीन तर आहेत, सोडून दे. नळ थेंब थेंब गळत असेल तर झोप लागते का तुम्हाला?

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, कॅशे क्लिअर करा. केलं. मग, लॉगआउट करून लॉगइन करा. केलं. मग, ॲप काढून पुन्हा टाका. तेही केलं. चौथ्या मेलला पुन्हा कॅशे क्लिअर करा! तेव्हा मी एक तारा देऊन चांगलं लांबलचक लिहिलं होतं. जुना रिव्ह्यू शोधू नका, आता हाच आहे.

तो का बदलला, ते सांगते. रागाच्या भरात ओपीएमएल फाइल (आपल्या सगळ्या फीडची यादी) काढली आणि दुसऱ्या कंपनीच्या रीडरमध्ये घातली. सगळी ६४ फीड दोन मिनिटांत तिकडे. (मोठ्या सोशल नेटवर्कांपैकी कुठलं तुम्हाला तुमची माणसं अशी बोचक्यात बांधून नेऊ देतं?) तिथे एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डावीकडे ३.

मग डोकं जरा थंड झालं. त्या ब्लॉगचं फीड सरळ ब्राउझरमध्ये उघडलं. फीडमधल्या लेखाला सहसा एक जीयूआयडी असतो, त्या लेखाची कायमची ओळख. रीडर तेवढंच बघतो: ही ओळख आधी पाहिली आहे का? नसेल तर लेख नवा. या ब्लॉगवाल्या बाईंनी मध्यंतरी साइट नव्या सॉफ्टवेअरवर हलवली होती. तेव्हापासून फीडमधल्या तीन लेखांच्या ओळखीच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक लांबलचक आकडा होता. पान रिफ्रेश केलं, आकडा बदलला. पुन्हा केलं, पुन्हा बदलला. रीडर बिचारा दर तासाला जाऊन विचारत होता आणि दर तासाला त्याला तीन अनोळखी पाहुणे भेटत होते.

म्हणजे चूक सेवेची नव्हती. एकाचे चार तारे तिथेच केले. पण राग पुरता गेलेला नाही, कारण शीर्षक तेच, तारीख तीच, मजकूर तोच, एवढं जुळत असताना 'हे आधी येऊन गेलं' एवढं कळू नये? सपोर्टला पुराव्यासकट कळवलं. या वेळी कुणीतरी खरं माणूस भेटलं असावं. उत्तर सभ्य होतं: असे लेख गाळायला फिल्टर आहे, पेड प्लॅनमध्ये. तीन लेख लपवायला दर महिन्याला पैसे! वर्षाचे एकदम भरले तर सवलत म्हणे. माझ्याकडून मिळाले.

ते फीड काढून टाकणं हा उपाय मलाही सुचतो. पण ६४ मधल्या ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यातलाच हा एक ब्लॉग. बाई वर्षातून दोनदा लिहितात, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीबद्दल, आणि सोशल मीडियावर त्या कुठेच नाहीत. त्यांना मेल केली, जीयूआयडीचं सगळं समजावून, स्क्रीनशॉट लावून. उत्तर नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. फोनवर अक्षरांचा आकार लक्षात राहत नाही. काही साइट फीडमध्ये लेखाच्या दोनच ओळी देतात, त्याला रीडर काय करणार.

गेल्या आठवड्यात सकाळी ॲप उघडलं तर डावीकडे ४. चहा बाजूला ठेवून आधी तोच लेख उघडला. शिलाई मशीनच्या बॉबिनवर होता, लांब, झकास. माझ्या मेलबद्दल एक अक्षर नाही.