खुब्याचा गोळा सुकतोय: स्टेम सेल की सांधाबदल?

मांडी घालून बसलं की जांघेत कळ येते, पायजमा चढवताना पाय उचलत नाही, आणि एक्स-रे मात्र गुडघ्याचा निघतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, त्यामुळे एव्हीएनचे (रक्त न पोहोचल्याने खुब्याचा गोळा मरत जाण्याचा आजार) कितीतरी रोगी महिनोन् महिने गुडघ्याला मलम चोळत राहतात. गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथल्या तरुण पोराच्या जांघेतली कळ तर कधीच अंगावर काढू नये. विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तावाचून मरत जातो. स्टेरॉइडचे डोस, दारू आणि खुब्याचं फ्रॅक्चर ही बाकीची मोठी कारणं.

स्टेम सेल (नवं हाड घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) की सांधाबदल (खराब सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा), हे आधी आजाराच्या टप्प्यावर ठरतं, पैशावर नंतर. टप्पे चार. पहिल्या दोनांत गोळा गोल असतो. तिसऱ्यात तो खचतो, चौथ्यात गोळा ज्यात फिरतो ती वाटीही खराब होते. पहिल्या टप्प्यात एक्स-रे साफ दिसतो, दोष एमआरआयमध्येच सापडतो.

स्टेम सेल उपचारात कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढतात, यंत्रात फिरवून दाट करतात आणि गोळ्यापर्यंत छिद्र पाडून आत सोडतात. यातलं छिद्र पाडणं हे स्वतःच एक जुनं ऑपरेशन आहे, कोअर डिकंप्रेशन. त्याने आतला दाब उतरतो, दुखणं कमी होतं. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: नुसत्या छिद्रापेक्षा पेशींनी माझ्या खुब्यात किती फरक पडेल? काही अभ्यासांत गोळा खचायचं प्रमाण कमी दिसलं, पण अभ्यास लहान आणि पद्धती वेगवेगळ्या. सिकलसेलवाल्यांनी तर आणखी सावध राहावं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा रोग्यांना छिद्र आणि व्यायाम मिळून जेवढा गुण आला, जवळपास तेवढाच नुसत्या व्यायामाने आला. हाड घडवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सोडायचीही एक पद्धत आहे. त्यात मगज देणं आणि पेशी सोडणं यांत काही आठवडे जातात, खर्चही वाढतो.

गोळा खचला असेल तर पेशी तो परत गोल करत नाहीत. अशा वेळी कोणी पॅकेज गळी उतरवत असेल, शिरेतून सलाईनवाटे पेशी सोडतो म्हणत असेल, तर वावर गहाण टाकू नका. खरोखर संशोधनाची चाचणी असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नियमांप्रमाणे रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत.

खचलेल्या गोळ्याला सांधाबदल हाच भरवशाचा इलाज. दुखणं जातं, माणूस सरळ चालतो. 2019 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार दहापैकी साधारण सहा कृत्रिम सांधे 25 वर्षं टिकतात. तिशीतल्या माणसाला मात्र पुढे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी ठेवावी लागते. सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो आणि ऑपरेशनआधी रक्त द्यावं लागू शकतं, म्हणून असे रोगी नेहमी हाताळणारी टीम हवी. एम्स नागपूर, नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्राम इथे दुसरं मत घ्या. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधीच विचारा.

शेतीचा हिशेबही मांडा. छिद्राच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे कुबड्या, त्या पायावर भार नाही. पेरणीच्या तोंडावर ते जमत नसेल तर तारीख मागेपुढे करा. सांधा बदलल्यावर चालणं लवकर सुरू होतं, पण उकिडवं बसून निंदण, डोक्यावर कापसाचं गाठोडं, खाली बसायचा संडास यांवर बंधनं येतात. घरी कमोड आधीच बसवून घ्या.

आणि एमआरआय दोन्ही खुब्यांचा करायला सांगा. मार लागून झालेला नसेल, तर हा आजार बरेचदा दुसऱ्या बाजूलाही हळूहळू सुरू झालेला असतो. एका बाजूचा सांधा बदलावा लागणार असेल आणि दुसरा गोळा अजून गोल असेल, तर छिद्राचा किंवा पेशींचा विचार त्या दुसऱ्या खुब्यासाठी करा.