पेशींवरचे ग्राही (इन्सुलिन पकडणारी प्रथिनं) इन्सुलिनमुळे घटतात का, हे पाहायला ताटलीतल्या पेशींना इन्सुलिन पाव तास द्यायचं की रात्रभर?

छत्रपती संभाजीनगरात एम.एस्सी.च्या मुलांना प्रात्यक्षिक शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो.

पाव तास दिलं, तर बहुतेक ग्राही जागेवरच असतात, नुसते त्या इन्सुलिननं अडलेले. मागून टाकलेल्या चिन्हांकित (मोजता यावं म्हणून खूण लावलेल्या) इन्सुलिनला जागा मिळत नाही. पेशी नीट धुतल्या नाहीत की बंधन (ग्राहींना चिकटलेलं चिन्हांकित इन्सुलिन) कमी दिसतं आणि मुलं म्हणतात, "सर, ग्राही घटले!" घटलेले नसतात. ही चूक मला फार छळते.

रात्रभराची गोष्ट निराळी. मानवी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींवर १९७४ मध्येच हे दिसलं होतं: ३७ अंशांवर कित्येक तास इन्सुलिनमध्ये राहिल्यावर ग्राहींची संख्याच खरोखर कमी होते. उरलेल्यांची पकड मात्र जवळपास तशीच. इन्सुलिन काढलं की संख्या हळूहळू भरून येते. रक्तात सतत इन्सुलिन जास्त असलेल्यांच्या पेशी इन्सुलिनला का दाद देत नाहीत, त्याचा एक धागा इथे सापडतो.

मी रात्रभराच्या बाजूचा. फक्त इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर हवा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि शेवटची मोजणी थंडीत, ४ अंशांच्या आसपास करा, म्हणजे मोजता मोजता ग्राही पेशीच्या आत ओढले जात नाहीत.