गोव्याच्या शाळा आणि आयटीआय: कमाईसाठी कुणावर किती भिस्त ठेवावी

गोव्याची शाळा मुलाला इंग्रजी वाचायला, अर्ज भरायला, चार लोकांत बोलायला बऱ्यापैकी शिकवते. हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा मोपाच्या विमानतळावर ते कामी येतं. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत टिकायचं तर तेवढ्यावर भागत नाही.

पहिली अडचण पाचवीत येते. सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं आणि त्याच सुमारास अपूर्णांक, दशांश, मागोमाग टक्केवारी येते. पुष्कळदा गणित अवघड नसतं, प्रश्नच कळलेला नसतो. पाठांतरावर दहावी निघते. पुढे आयटीआयच्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये (कामाला लागणाऱ्या हिशेबाच्या विषयात) गुणोत्तर मांडायची वेळ आली की सगळं उघडं पडतं. सातवीपर्यंत गणित घरी मराठीतून समजावून द्या आणि तेच उदाहरण इंग्रजीत वाचून घ्या.

नववीपासून मिळणारे एनएसक्यूएफचे (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याचे) व्यावसायिक विषय ही चांगली सोय आहे. नववी ते बारावी ते घेता येतात. पण विषय तितकाच चालतो जितका प्रशिक्षक टिकतो आणि वायर, सोल्डर, तेल असं खर्ची पडणारं सामान वेळेवर येतं. कंत्राटी प्रशिक्षक मध्येच गेला की प्रात्यक्षिकाचं फळ्यावरचं चित्र होतं. प्रवेशाआधी खोली उघडायला सांगा. अवजारं नवीकोरी, पॅकिंगमध्येच असतील तर मुलांचे हात त्यांना लागलेले नाहीत, हे उघड आहे.

सर्वांत खटकतं ते विज्ञानाचं जर्नल. प्रयोग वर्षाच्या सुरुवातीला, जर्नल परीक्षेच्या तोंडावर, तेही दुसऱ्याचं बघून, सुवाच्य अक्षरात. औषधनिर्मिती हा गोव्यातला मोठा उद्योग, आणि तिथली रीत नेमकी उलटी आहे. वजन केलं त्याच वेळी पेनाने नोंद. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर लावला किंवा मागाहून स्वच्छ प्रत काढली तर ती खोटी नोंद धरतात आणि अख्खी बॅच (एका वेळी बनवलेला औषधाचा साठा) अडकू शकते. बारा वर्षं नीटनेटकेपणाचे गुण मिळवलेल्या मुलाला ही सवय मोडायला फार जड जातं, आणि यात त्याचा काहीच दोष नाही. जिथे तास संपताना शिक्षक कच्च्या निरीक्षणांवरच सही करतात ती शाळा निवडावी, इमारत कितीही जुनी असो.

हाताच्या कामात सरकारी आयटीआय उजव्या आहेत. पेडणे, म्हापसा, डिचोली, होंडा, फर्मागुडी, मडगाव, काकोडा, काणकोण अशा पसरलेल्या असल्याने मुलांना लांब जावं लागत नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर, रेफ्रिजरेशन-एसी हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियनला आधी सांधे, घरगुती वायरिंग, अर्थिंग, मग मोटर आणि ती सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर. सुरुवातीला मुलं स्विच हमखास न्यूट्रलवर टाकतात. दिवा लागतो, म्हणून जोडणी बरोबर वाटते. स्विच बंद करून होल्डरला टेस्टर लावला की टेस्टर पेटतो, म्हणजे होल्डरमध्ये वीज तशीच असते, आणि फेज नेहमी स्विचमधूनच का न्यायचा हे तिथे कायमचं कळतं. वर्गातल्या आकृतीत हे दिसत नाही.

आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, हा समज घरोघरी आहे आणि त्यापायी चांगली मुलं नाइलाजाने हायर सेकंडरीत जातात, मग सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट बघत वर्षं घालवतात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जागा मर्यादित असतात, म्हणून ट्रेडचे गुण आणि दहावीचं गणित दोन्ही सांभाळावं लागतं. मधली अप्रेंटिसशिप (कारखान्यातली उमेदवारी) टाळू नका. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली त्या काळात विद्यावेतन मिळतं, आणि चालू यंत्र बंद पडल्यावर काय करायचं हे तिथेच शिकता येतं. गोव्यात हॉटेलं एवढी आहेत की रेफ्रिजरेशन-एसीच्या मुलाला काम शोधत फिरावं लागू नये. अर्जात या ट्रेडचा पसंतिक्रम वर ठेवा.