पिंटरेस्ट नऊ महिने वापरून: गराडूचा फोटो सगळ्यांनी पाहिला, साईटवर मात्र कोणी पोचलंच नाही

खरं तर वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होते, पण नोव्हेंबरमध्ये जे झालं ते इतकं मनाला लागलंय की आजच लिहून टाकते.

माझी साईट स्वयंपाकाची, मराठीत. इंदूरच्या मराठी घरांत जे बनतं ते सगळं, म्हणजे पुरणपोळी आणि उकडीचे मोदक तर आहेतच, पण भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, गराडू (थंडीत मिळणारा कंद), खोपरा पॅटिस, घरी कुटलेलं जिरावण (वर भुरभुरायचा मसाला) हेही. आजेसासूबाईंपासून आम्ही रामबागेतले, त्यामुळे सराफ्यातलं (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं आणि घरचं खाणं असा फरक आमच्याकडे कधी नव्हताच. साईटवर माणसं यावीत एवढीच इच्छा, आणि जाहिरातीवर एक रुपया घालायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलेलं.

आधी दीड वर्ष इन्स्टाग्रामवर घालवलं. लाईक भरपूर, पण कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही, मग 'लिंक बायोत आहे' लिहीत बसा. २०२३ पासून बायोत ५ लिंका टाकता येतात, स्टोरीत लिंकचं स्टिकरही लावता येतं, पण स्टोरी २४ तासांत गेली की लिंकही गेली. फ्लिकरपण बघितलं, फुकट खात्यात १००० फोटोंची मर्यादा, आणि तिथे लोक फोटो बघायला येतात, रात्री भाजी कोणती करू हे शोधायला नाही. म्हणून मार्चमध्ये पिंटरेस्टवर बिझनेस खातं उघडलं, ते फुकट असतं. तिथे लोक फोटोंतून कल्पना शोधतात आणि सेव्ह करतात; फोटो आणि त्याला लावलेली लिंक मिळून होते ती पिन. साईटच्या हेडरमध्ये त्यांचा मेटा टॅग (कोडची एक ओळ) टाकून साईट क्लेम केली, म्हणजे ती माझीच आहे हे पटवून दिलं, आणि सुरुवात केली.

पहिले दोन महिने मी घरात सगळ्यांना सांगत होते की हे आपल्या कामाचं नाही. इम्प्रेशन (पिन कितीदा दिसली ते) वाढतायत, सेव्ह होतायत, आणि आउटबाउंड क्लिक, म्हणजे खरंच लिंक दाबून बाहेर पडलेली माणसं, आठवड्याला चार-पाच. ज्यांना सुरू करायचंय त्यांनी हाच आकडा बघा, बाकी सगळे आकडे बघून नुसतं बरं वाटतं. नुसत्या पिन क्लिकवरही जाऊ नका, त्यात लोक फोटो मोठा करून बघतात तेही धरलेलं असतं.

चूक माझ्या फोटोंत होती. सगळे आडवे. पिंटरेस्टवर उभा फोटो लागतो, १००० बाय १५००, आडवा टाकला की फोनवर रांगेत तो एवढासा दिसतो. भुट्ट्याचा कीस तसाही फोटोला फार अवघड, पिवळा मऊ गोळा, ताटलीत काढला की शिळ्या उपम्यासारखा दिसतो. जुलैत ताजे भुट्टे आले तेव्हा मी तो परत केला आणि कढईतच ठेवून खिडकीपाशी वरून उभा फोटो घेतला, कडेला दूध सुटून थोडा कीस कढईला लागलेला, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, आणि वरचा चौथा हिस्सा नावासाठी रिकामा सोडला. नाव कॅनव्हाच्या (फोटोवर अक्षरं टाकायचं ॲप) फुकट खात्यात लिहिलं. तोच पदार्थ, तीच रेसिपी, आणि त्या एका पिनने आधीच्या सगळ्या पिनांपेक्षा जास्त माणसं आणली.

दुसरं म्हणजे नाव. माझी साईट मराठी, पण आपल्याकडचेही बरेच जण शोधताना इंग्रजी अक्षरांतच टाईप करतात. म्हणून पिनच्या टायटलमध्ये आता दोन्ही लिहिते, आधी इंग्रजी अक्षरांत, मग मराठीत, टायटलला १०० अक्षरं मिळतात त्यात आरामात बसतं. फोटोवरचं नाव मात्र मराठीच ठेवलंय, ते मी बदलणार नाही.

मग मोदक. मोदकांच्या पाच पिना मी जुलैतच टाकून ठेवल्या होत्या, गणपतीच्या बऱ्याच आधी. दोन आठवडे काही नाही, मग ऑगस्टमध्ये रोज थोडी-थोडी माणसं वाढत गेली आणि गणपतीच्या आदल्या दोन दिवशी ॲनालिटिक्स (साईटवर किती जण आणि कुठून आले ते मोजणारं) उघडलं तर साईटवर एका वेळी ३१ जणं होती, ३१! मी सासूबाईंना बोलावून स्क्रीन दाखवली, त्या म्हणाल्या अगं यांना पारी फाटते तेव्हा काय करायचं ते सांगितलंयस ना. सांगितलं नव्हतं. तेव्हाच बसून लिहिलं. इन्स्टाग्रामवर माझी पोस्ट दोन दिवसांत विसरली जायची, इथे एप्रिलमधली साखरांब्याची पिन अजूनही कोणी ना कोणी सेव्ह करतंय. तेव्हा माझं मत बदललं ते बदललंच.

एक भ्रम मात्र काढून टाका. पिंटरेस्टवरून साईटला लिंक मिळाली की गूगलमध्ये नंबर वर जातो असं सांगून एकाने माझ्या वहिनींकडून पैसे घेतले. तिथल्या लिंका नोफॉलो असतात, म्हणजे गूगलने नंबरासाठी त्या धरू नयेत अशी खूण असलेल्या, त्याचा तसा फायदा धरू नये. तिथून येतो तो माणूस येतो, तेवढ्यासाठीच करा. आणि पिना वेळेवर टाकायला मी जो पैसे देऊन टूल घेतला होता, तीन महिन्यांचे गेले, तेही देऊ नका, पिंटरेस्टच्या आतच तारीख लावून ठेवायची सोय फुकट आहे.

आता नोव्हेंबर. थंडी पडली, गराडू आले. गराडू सोलून (हाताला तेल लावून सोला, नाहीतर खाज सुटते) तुकडे उकडून दोनदा तळले, वर जिरावण आणि लिंबू, वाफ दिसेल असा फोटो घेतला आणि पिन टाकली. पहिल्या आठवड्यातच ती अशी पळाली की मोदक मागे पडले. पिंटरेस्ट म्हणतंय आउटबाउंड क्लिक रोज ४०-५०. आणि ॲनालिटिक्समध्ये पिंटरेस्टवरून आलेले शून्य. कमी नाही, शून्य.

मी आधी ॲनालिटिक्सवर संशय घेतला, मग कोणीतरी माझा फोटो उचलून स्वतःची लिंक लावली असेल असं वाटलं. पत्ता टाईप करून बघितलं तर साईट छान उघडते. गूगलमधून पण उघडते. होस्टिंगवाल्यांना (ज्यांच्या सर्व्हरवर माझी साईट आहे त्यांना) फोन लावला, तर 'मॅडम, हमारे यहाँ तो खुल रही है'. टिकिट (लेखी तक्रार) टाकलं, उत्तर आलं साईट चालू आहे, टिकिट बंद. परत टाकलं, परत बंद. असे ११ दिवस. तीन वर्षांचे पैसे एकदम भरलेत मी त्यांना, सूट मिळत होती म्हणून, आणि माझा गराडूचा सीझन माझ्या डोळ्यांसमोर जात होता.

शेवटी मीच फोनचं वायफाय बंद करून, पिंटरेस्टमध्ये जाऊन परक्या माणसासारखी माझी पिन दाबली. ४०३. प्रवेश नाही.

झालं असं होतं की होस्टिंगने त्यांच्याकडून हॉटलिंक प्रोटेक्शन चालू केलं होतं. ते असतं दुसऱ्या साईटींनी आपले फोटो आपल्या सर्व्हरवरून परस्पर दाखवू नयेत म्हणून. पाहुणा कुठल्या साईटवरून आला ते ब्राउझर सांगतो, त्यावरून ते आत घेतं किंवा अडवतं. यांनी नियम फोटोंपुरता न ठेवता सगळ्या पानांना लावला, परवानगीच्या यादीत गूगल घातलं आणि पिंटरेस्ट नाही. पत्ता टाईप करणारा कुठूनच आलेला नसतो म्हणून त्यांच्याकडे 'खुल रही है'. आणि पिनमधला फोटो पिंटरेस्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं, म्हणून तो तसाच पळत राहिला. माणसं फोटो बघून येत होती आणि दारातून परत जात होती.

मी ४०३चा स्क्रीनशॉट आणि हा सगळा हिशोब लिहून पाठवला तेव्हा वीस मिनिटांत नियम काढला. सॉरीपण नाही, सीझनची भरपाई तर लांबच. मुदतीचे १४ महिने उरलेत, पैसे परत मिळणार नाहीत, मुदत संपली की मी तिथे राहणार नाही.

पिंटरेस्टबद्दल माझं म्हणणं यामुळे बदललं नाही, घरगुती साईट असेल आणि पैसे घालायचे नसतील तर हेच करा. फक्त दर रविवारी सकाळी मी वायफाय बंद करून दहा पिना स्वतः दाबून बघते, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हीही सुरू करा, माझ्यासारखे ११ दिवस घालवू नका.

गराडूची पिन आता परत माणसं आणतेय, आधीइतकी नाही. परवा त्या पानाखाली एका ताईंनी विचारलं, आमच्या गावात जिरावण मिळत नाही, काय घालू. मी त्यांना घरी कुटायचं प्रमाण लिहिलं, आणि सोबत जिरावणाच्या पानाची लिंक दिली, आधी फोनवर उघडून बघून.