डुक्कर, डिलाइट की पद्मिनी: ठाण्यात जुनी फियाट घ्यायची तर कुठली?

"काका, फियाट घ्यायचीये, कुठली बघू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा राम मारुती रोडवर उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून आलेला असतो. माझी 1968 ची डिलाइट. वडिलांनी नंबर लावला आणि काही वर्षं वाट बघितली, तेव्हा कुठे घरात आली. मी तिच्यावरच शिकलो आणि त्यानंतर दुसरी कुठलीच गाडी मनापासून चालवली नाही. तेव्हा माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. तरीही तुम्हाला मी डिलाइट घ्या म्हणणार नाही.

या सगळ्या बहिणी एकाच घरातल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या. पन्नाशीच्या दशकातली, आकारावरून लोक जिला डुक्कर म्हणायचे ती फियाट, 1964 मध्ये आली ती डिलाइट, आणि 1974 पासून पद्मिनी. इटलीत डिलाइटच्या मूळ गाडीला, म्हणजे 1100डी ला, 1221 सीसीचं इंजिन बसलं, आपल्याकडे मात्र पेट्रोल गाडीत शेवटपर्यंत 1089 सीसीच राहिलं. म्हणजे इंजिन बघून ठरवायला जाल तर फारसं काही हाती लागणार नाही. फरक आहे तो पत्र्यात, सामानात आणि कागदपत्रांत.

डुक्कर फियाटच्या प्रेमात कुणीही पडेल. गोल पाठ, बसकं नाक, पुढची दारं उलटी उघडणारी. बायकांना साडी सावरत उतरायला इतकी सोयीची गाडी नंतर झालीच नाही, असं आमच्या मातोश्री म्हणायच्या. पण तिची मागची काच फुटली तर? दिव्याची काच, दाराचा हँडल, क्रोमची पट्टी, यांतली एकेक वस्तू शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शनिवारमागून शनिवार जातात आणि शेवटी कुणाच्या तरी गोदामातली मोडकी जोडी आख्ख्या गाडीच्या भावात मिळते. घरी दुसरी रोजची गाडी असेल, बंद गॅरेज असेल आणि घाई अजिबात नसेल, तरच तिचा विचार करा.

डिलाइट आणि पद्मिनी समोरासमोर ठेवल्या तर लांबून एकच वाटतात. दोन्हींत हँड गिअर (म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेला), पुढे सलग बाकडं, ज्यावर तिघं बसतात (मधल्याचा गुडघा दुसऱ्या गिअरला आडवा येतो, तो भाग वेगळा). डिलाइटचं क्रोम देखणं, दार लावलं की तो भरदार "ठप्प" आवाज. पण ती आता पन्नाशी ओलांडलेली गाडी, आणि इथे कागदाचा मुद्दा येतो. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. मात्र ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण मला रविवारी तलावपाळीला चक्कर आणि पाडव्याला शोभायात्रा, दोन्ही हवंय. पण मग फेरनोंदणीसाठी दर पाच वर्षांनी मर्फीच्या आरटीओच्या फेऱ्या आल्याच. व्हिंटेज करून घ्यायची असेल तर डिलाइट घ्या, चालवायची असेल तर पुढे वाचा.

माझा कौल ऐंशीच्या दशकातल्या, घरगुती वापरातल्या पेट्रोल पद्मिनीला. सामान अजून मिळतं, कारण मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती पार ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत होती. पण इथेच फसगतही होते. रंग मारून, नवं सीट कव्हर घालून जुनी टॅक्सी "फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी" म्हणून समोर येते. माझी पद्धत सांगतो. दाराच्या चौकटीवरचं रबर वरच्या बाजूला बोटभर ओढून बघा. खाली पिवळा रंग दिसला की चहा पिऊन परत या. मग डाव्या मडगार्डवर मीटरची बुजवलेली भोकं शोधा, डिकीत गॅसच्या टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा शोधा. शेवटी खिशातून लोहचुंबक काढा. फ्रीजवरचा साधा चालेल. दारांची खालची कड, पायरी, चाकांच्या कमानी, इथे तो चिकटला नाही तर आत पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली आहे. इंजिन बांधून घेता येतं. कुजलेला फ्लोअर नव्याने करायचा म्हणजे खाडीकाठच्या या दमट हवेत दर पावसाळ्यात नवा हप्ता.

पद्मिनीचीच शेवटच्या काळातली एस-वन बघायला मिळेल. निस्सानचा गिअरबॉक्स, खाली गिअर, सुट्या सीटा. रोज घोडबंदरच्या गर्दीत न्यायची असेल तर हात-पाय कमी दुखतील, हे खरं. पण फियाट घ्यायची आणि हँड गिअर नाही? मला जमत नाही. तुम्हाला चालत असेल तर खुशाल घ्या. डिझेलची 137डी मात्र घेऊ नका. तिच्या इटालियन इंजिनाचं सामान शोधण्यात आयुष्य जाईल, आणि आवाज तर ट्रॅक्टरचा.

कुठलीही घ्या, दोन खर्च धरूनच चला. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा खराब होतो, ते आल्याआल्या बदला. आणि 2000 पासून पेट्रोलमधलं शिसं गेलंय, तेव्हा इंजिनाचं हेड कधी उघडलं तर व्हॉल्व्हखाली कडक सीट बसवून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात.

उन्हाळ्याचंही सांगतो. मागच्या मे महिन्यात गायमुखच्या घाटात तासभर अडकलो आणि गाडीने मान टाकली. बॅटरी ठीक, टाकी भरलेली. पंप इंजिनालाच चिकटलेला, तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पुढे काही जात नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. मी बाटलीतल्या पाण्याने फडका भिजवला, पंपावर गुंडाळला आणि कठड्यावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी पहिल्याच सेल्फला चालू. एक टेम्पोवाला म्हणाला, "माझ्या बापाकडे पण हीच होती."

हे फडक्याचं मला ज्याने शिकवलं त्या मिस्त्रीकडे तुमची पसंतीची गाडी आधी दाखवा, टोकन मग द्या. तो हो म्हणाला तर डुक्करसुद्धा घ्या, नको म्हणाला तर नवीकोरी दिसणारी पद्मिनीही सोडा. वागळे इस्टेटमध्ये बसतो. कार्बोरेटर कानाने लावतो. मुलगा आता संगणक जोडणाऱ्या गाड्या करतो, त्याला यातलं काही विचारू नका. म्हातारा फोन उचलत नाही. सकाळी दहाच्या आधी गेलात तर गॅरेजसमोरच्या टपरीवर सापडेल.